रद्दीत देण्याआधी एकदा वाचा

दुसऱ्या महायुद्धातील जर्मनीचे रोजच्या वापरातले कागद जमवणारे शौकीन जगभर आहेत. ऑगस्ट १९३९च्या अखेरीस तिथे धान्याची रेशनकार्डे आली, नोव्हेंबरात कपड्यांसाठी १०० गुणांचे कार्ड आले. यहुदी कुटुंबांच्या रेशनकार्डावर 'जे' अक्षर छापले जाई. कपड्यांचे कार्ड तर त्यांना पुढे नाकारलेच गेले. हुकूम दरबारात निघतो, पण तो कोणाच्या ताटापर्यंत पोहोचला हे असा चिटोराच सांगतो.

त्याच काळातले कागद आपल्या घरांतही आहेत. औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते. टपाल वेगळे, नाणे वेगळे. संस्थानाच्या एक रुपयाच्या तिकिटावर दौलताबादचा चांदमिनार होता, आठ आण्यांच्या तिकिटावर अजिंठा. १९४५मध्ये विजयाचे एक आण्याचे तिकीट निघाले. त्यावर राजा नव्हता. घरी परतलेला सैनिक आणि त्याचे कुटुंब होते.

आम्ही शाळेत मुलांना घरातला एखादा जुना कागद आणायला सांगतो. कोणी लेव्हीच्या धान्याची पावती आणतो, कोणी किराणा दुकानाची यादी. मुलाला मराठी येते, उर्दू घसीट येत नाही. मग तो दादीजवळ जाऊन बसतो. वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. आझर, दै, बहमन असे महिने दिसले तर सन फसली समजावा आणि त्यात ५९० मिळवावेत. १३५२ फसली म्हणजे १९४२-४३. 'हाली' रुपये असतील तर सात हाली म्हणजे सहा इंग्रजी रुपये.

हे वाचणारे आता थोडे उरले आहेत. २०२३मध्ये मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा निजामकाळचे दफ्तर वाचण्यासाठी उर्दू आणि मोडी जाणणाऱ्यांची शोधाशोध करावी लागली. कागद होते, वाचणारे कमी पडले.

म्हणून घर बदलताना, रंगकाम काढताना जुनी पेटी सरळ रद्दीवाल्याला देऊ नका. फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन करू नका. ऊन, ओल आणि कसर यांपासून दूर, साध्या पाकिटात ठेवा. पाकिटावर पेन्सिलीने लिहा: कागद कोणाचा, कुठे मिळाला. आणि घरात उर्दू वाचणारे वडीलधारे असतील, तर ते काम या सुट्टीतच करा.