तंजावूर : एका दिवसाचे पक्षिनिरीक्षण

पक्षी पाहावयाचे म्हणजे अभयारण्यात जावयाचे, त्यासाठी चार दिवसांची सवड काढावयाची आणि पहाटेच्या काळोखात एखाद्या मचाणावर दबा धरून बसावयाचे, अशी समजूत नवशिक्या निरीक्षकाच्या मनात सहसा असते. ती अगदीच चुकीची नाही. मात्र अपुरी आहे. तिरुचिरापल्लीहून सकाळच्या गाडीने निघून तंजावूर पाहावे आणि रात्री परत यावे, एवढा प्रवास जरी केला, तरी पक्ष्यांच्या पुष्कळ जाती दृष्टीस पडतात. शिवाय हा पक्षी येथेच का, या प्रश्नाचे उत्तर तंजावूरइतके स्पष्टपणे फार थोड्या गावांत मिळते. येथील सपाटीवर पक्ष्यांना दोन गोष्टींचा आधार आहे, पाणी आणि कडा. आणि या दोन्ही गोष्टी माणसाने घडविलेल्या आहेत.

सहलीसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. महाराष्ट्रातील वाचकाने येथे आपले ऋतुमान थोडे बाजूस ठेवले पाहिजे. आपल्याकडे नैर्ऋत्य मोसमी वारे जून ते सप्टेंबर या काळात पाऊस आणतात. तंजावूरला खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत ईशान्येकडून येतो. पक्ष्यांची विणही त्याप्रमाणे सरकते. चित्रबलाक हा एकच पक्षी घेतला, तर राजस्थानातील भरतपूरला तो पावसाळा संपता संपता घरट्यावर दिसतो, आणि तमिळनाडूत वेदांतांगलला त्याची पिले हिवाळ्यात वाढत असतात. पिलांना भरविण्याच्या दिवसांत उथळ पाण्यात मासे मुबलक असले पाहिजेत, हे त्याचे पंचांग.

तिरुचिरापल्ली ते तंजावूर हे अंतर सुमारे ५० किलोमीटर आहे. १८६१-६२ मध्ये नागपट्टिणम ते तिरुचिरापल्ली असा जो लोहमार्ग पडला, त्याचाच हा भाग होय. थांबत थांबत जाणारी गाडी घ्यावी आणि डाव्या हाताची, म्हणजे उत्तरेकडील खिडकी धरावी. गाडी पूर्वेकडे जाते, हिवाळ्यातील सूर्य आग्नेयेस असतो, म्हणून या बाजूचे पक्षी उजेडात दिसतात. उजव्या बाजूचे सारे पक्षी काळे! रुळालगतच्या झुडपांकडे पाहण्यात अर्थ नाही, तेथे सर्व काही पुसट होते. शंभर-दीडशे मीटरांवर नजर स्थिर ठेवावी. दुर्बीण चालत्या गाडीत उपयोगी पडत नाही. ती गाडी थांबल्यावर काढावी. आणि पक्ष्याच्या नादात दारात उभे राहू नये, हे सांगावयास नको.

जुन्या पुस्तकांत रेल्वेच्या प्रवाशाला तारायंत्राच्या तारा न्याहाळण्याचा सल्ला दिलेला आढळतो. त्या तारा गेल्या, मार्गाचे विद्युतीकरण झाले; पण शेतातून जाणाऱ्या विजेच्या तारांवर बैठक मारण्याची पक्ष्यांची सवय कायम आहे. तिरुवेरुंबूरपर्यंतचा पट्टा कोरडा. तेथे ताडाची झाडे, काटेरी झुडपे आणि त्यांना साजेसे पक्षी दिसतात : दुभंगलेल्या शेपटीचा कोतवाल, बसलेला असताना मळकट आणि उडताच निळाईने झळकणारा नीलपंख, तारेवरून झेप घेऊन पुन्हा त्याच जागी येणारा वेडा राघू. ताडाच्या माथ्याभोवती बारीक पाकोळ्या घिरट्या घालताना दिसल्या तर त्या ताडपाकोळ्या समजाव्यात. ताडाच्या पानाच्या घडीलाच त्यांचे घरटे चिकटविलेले असते.

बुदलूर जवळ येते तसा देखावा पालटतो. बांध, पाट, पाण्याने भरलेली भातखाचरे सुरू होतात आणि गाडी कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात शिरली हे नकाशा न उघडताही समजते. कोतवाल मागे पडत नाही, पण आता शेतात पांढरे ठिपके दिसू लागतात. नांगराच्या किंवा ट्रॅक्टरच्या मागे घोळक्याने चालणारे ते गायबगळे. बांधावर मान आखडून बसलेली, मातीच्याच रंगाची ती ढोकरी. ढोकरी उडाली की एकाएकी पांढरी होते, आणि येथे पक्षी आहे हे तेव्हाच कळते.

खाचरात उभा असलेला राखी-पांढरा, काळ्या पंखांचा मोठा पक्षी म्हणजे मुग्धबलाक. त्याच्या चोचीची दोन पाती मिटली तरी मध्ये फट राहते. या फटीत गोगलगाय धरून तो ती अडकित्त्यात सुपारी फोडावी तशी फोडतो, असे पूर्वी समजले जाई. प्रत्यक्षात तो शंख फोडत नाही. वरच्या पात्याने शंख जमिनीशी दाबून धरतो, खालच्या पात्याचे अणकुचीदार टोक झाकणीखाली घालून स्नायू कापतो आणि मांस अखंड बाहेर ओढतो. पिलाच्या चोचीत ही फट नसते. ती वयाबरोबर येते. तमिळ माणूस या पक्ष्याला ‘नत्तैक्कुत्ति नारै’, म्हणजे गोगलगाय टोचणारा बलाक, म्हणतो. ‘मुग्धबलाक’ हे नाव कानाला गोड आहे, यात शंका नाही. पण पक्ष्याची ओळख तमिळ नावात अधिक आहे.

ही खाचरे कावेरीने आपण होऊन भरलेली नाहीत. तिरुचिरापल्लीच्या पूर्वेस कल्लणै हा पुरातन बंधारा आहे. परंपरेने तो करिकाल चोळाचा मानतात. पुढे १९३४ मध्ये मेट्टूरचे धरण पुरे झाले आणि त्याच सुमारास कल्लणैपासून एक नवा कालवा निघाला. तो तंजावूर शहरातूनच वाहतो, आणि लोक त्याला ‘पुदु आरु’, नवी नदी, म्हणतात. मेट्टूरचे दरवाजे १२ जूनला उघडावेत असा प्रघात आहे. परंतु प्रघात पाळणे धरणातील पाण्यावर अवलंबून असते. २०२२ मध्ये पाणी इतके होते की २४ मे रोजीच ते सोडण्यात आले. २०२४ मध्ये मात्र जुलैची २८ तारीख उजाडली. दोन वर्षांतील हे अंतर दोन महिन्यांहून अधिक आहे. पाणी उशिरा आले की कुरुवै हे पहिले पीक हातचे जाते, सांबा भाताची लावणी रेंगाळते, तळी भरावयास वेळ लागतो. आणि ज्या खाचरात मुग्धबलाकाने गोगलगाई शोधावयाच्या, तेथे भेगाळलेली जमीन असते. शेतकरी आणि बलाक एकाच तारखेकडे डोळे लावून बसलेले असतात, फरक एवढाच की बलाकाला दुसरीकडे उडून जाता येते.

कावेरीच्या पाण्याच्या वाटणीसाठी १९९० मध्ये लवाद नेमला गेला आणि २००७ मध्ये त्याने अंतिम निवाडा दिला. खोऱ्यातील एकंदर ७४० अब्ज घनफूट पाण्यापैकी १० अब्ज घनफूट पाणी त्याने पर्यावरणासाठी राखून ठेवले. हा वाटा लहान दिसतो. पण वस्तुतः पाणपक्षी या वाट्यावर जगत नाहीत. ते भाताच्या वाट्यावर जगतात, आणि म्हणून भाताचे जे होईल तेच त्यांचेही होते.

हे पाहावयाचे तर तंजावूरला उतरून प्रथम देवळाकडे न वळता मन्नारगुडीच्या बाजूस जाणारी बस धरावी. सुमारे २५ किलोमीटरांवर वडुवूरचे तळे लागते. सिंचनासाठी असलेले हे तळे १९९९ मध्ये पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाले, आणि २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत त्याचा समावेश झाला. मेट्टूरचे पाणी कालव्यांनी येथे पोचते. उन्हाळ्यात तळे आटते. हिवाळ्याच्या सकाळी तेथे पांढरे शराटी, चित्रबलाक, पाणकावळे, पंख पसरून वाळवीत बसलेला सर्पपक्षी आणि उत्तरेकडून आलेली तलवार बदके दिसतात. घाई न करता काठाने चालावे. वनस्पतींच्या आडोशाला अगदी लहान, पांढरे-हिरवे बदक दिसले तर ते काणूक. त्याच्या शास्त्रीय नावात ‘कोरोमँडेलियाना’ हा शब्द आला तो १७८९ मध्ये. कोरोमंडल हे युरोपीय दर्यावर्दींच्या तोंडी झालेले ‘चोळमंडलम’चे रूप मानतात. धाविक आणि पावशा लावा यांच्याही शास्त्रीय नावांत हाच प्रांत आहे. चोळांचे राज्य तेराव्या शतकात लयास गेले. बदकाच्या नावात ते राहिले आहे.

दुपारी पक्षी स्वस्थ असतात. तो वेळ राजवाड्यातील सरस्वती महाल ग्रंथालयासाठी ठेवावा. मराठी वाचकाचे पाऊल तेथे आपोआप रेंगाळते. तंजावूरच्या भोसले घराण्याच्या आश्रयाने येथे तीन हजारांवर मराठी हस्तलिखिते जमा झालेली आहेत. दुसरे सरफोजीराजे (राज्यकाल १७९८ ते १८३२) हे श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली शिकलेले आणि निसर्गशास्त्राची गोडी असलेले गृहस्थ होते. तंजावूरच्या चित्रकारांनी काढलेल्या पक्षी, प्राणी व वनस्पती यांच्या चित्रांचा एक संग्रह त्यांनी येथील इंग्रज रेसिडेंट बेंजामिन टॉरिन यांना भेट दिला. तो आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. मानवी चेहऱ्यांची पशुपक्ष्यांच्या मुखांशी तुलना करणारी शार्ल ल ब्रँ या फ्रेंच चित्रकाराची चित्रे मात्र ग्रंथालयाच्या संग्रहालयातच पाहावयास मिळतात. घुबडासारखा दिसणारा माणूस पाहून हसू आवरत नाही.

चारनंतर बृहदीश्वराकडे जावे. राजराज चोळाने १०१०च्या सुमारास पुरे केलेल्या या मंदिराचे विमान सुमारे ६६ मीटर उंच आहे. तेरा मजल्यांची ही रचना ग्रॅनाइटची आहे, आणि तंजावूरच्या गाळमातीच्या सपाटीवर ग्रॅनाइट नाही. लांबून दगड आणून राजाने येथे जणू एक डोंगर उभा केला. पक्ष्यांनी त्याला डोंगरच मानले. पारवा हा मूळचा कड्यांवर राहणारा पक्षी. येथील कोनाडे त्याला कपारींसारखेच. भिंतीतील भोकांत पोपट शिरतात, आणि पिंगळ्याला दिवसा झोपण्यास एखादी सांदी पुरते.

परंतु या कड्याचे खरे रहिवासी म्हणजे साध्या पाकोळ्या. कमरेवर पांढरा पट्टा असलेला हा काळपट पक्षी पुष्कळांना चिमणीसारखा किंवा भिंगरीसारखा वाटतो. मात्र तो कधीही तारेवर किंवा फांदीवर बसलेला दिसावयाचा नाही. त्याच्या पायांची चारही बोटे पुढे वळलेली असतात. उभ्या भिंतीला लटकण्यापलीकडे त्या पायांचा फारसा उपयोग नाही. खाणे, पाणी पिणे, घरट्यासाठी पिसे आणि काड्या गोळा करणे, सारे उडता उडता. वाऱ्यावर तरंगणारी पिसे पकडून तो ती आपल्या लाळेने छताच्या कोपऱ्याला चिकटवितो. विणीचा हंगाम संपला तरी घरटे सोडीत नाही, रात्रीच्या निवाऱ्यासाठी तो त्याच घरट्यात परततो. म्हणून सूर्यास्ताला गोपुरांपाशी उभे राहिले की त्यांचा दाट थवा कर्कश किलबिल करीत फिरताना दिसतो. थवा आवळतो, पसरतो, आणि थोड्याच वेळात एकेक पक्षी दगडात दिसेनासा होतो.

वास्तूची देखभाल करणाऱ्यांना हे भाडेकरू सर्वस्वी प्रिय नाहीत, आणि त्यांची तक्रार रास्त आहे. पारव्यांच्या विष्ठेने दगडाची हानी होते. मात्र पारव्यांपायी प्रत्येक सांद चुन्याने बंद केली, तर पाकोळीलाही जागा उरत नाही. आणि या सपाटीवर तिला दुसरा कडा कोठून मिळणार? सांद बुजविण्यापूर्वी तीत घरटे आहे की नाही एवढे पाहणे कठीण नाही. निरीक्षकानेही आपली पायरी ओळखावी. हे पूजेतले देऊळ आहे. दुर्बीण आकाशाकडे असावी, भाविकांकडे नव्हे, आणि तिपाईसाठी पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. पाकोळ्या जमण्याची वाट पाहताना प्राकाराच्या भिंतीवरील १८०३चा मराठी शिलालेख पाहून घ्यावा. भोसल्यांच्या वंशाचा इतिहास सरफोजीराजांनी तेथे कोरवून घेतला आहे.

अंधार पडल्यावर स्थानक गाठावे. परतीच्या गाडीत खिडकीबाहेर काही दिसत नाही, तेव्हा तो तास टिपणांसाठी वापरावा. नाव निश्चित नसेल तर पक्ष्याचे वर्णनच लिहावे. अपेक्षित असून न दिसलेले पक्षीही नोंदवावेत. आणि पानाच्या माथ्यावर, तारखेच्या खाली, त्या वर्षी मेट्टूरचे दरवाजे कोणत्या दिवशी उघडले तेही लिहून ठेवावे. पुढच्या हिवाळ्यात त्याच खिडकीतून बुदलूरच्या खाचरांत मुग्धबलाक मोजताना ती तारीख हाताशी लागेल.