चिडवण्याचं नाव, मिरवण्याचं नाव : अमेरिकी राज्यांची टोपणनावे

मंडळी, अमेरिकेतल्या प्रत्येक राज्याला टोपणनाव असतं, हे आपल्यापैकी अनेकांनी गाड्यांच्या नंबरप्लेटवर पाहिलेलं असेल. कॅलिफोर्निया सोनेरी राज्य, फ्लोरिडा उन्हाचं राज्य. ही नावं पर्यटन खात्याच्या सोयीची आहेत, त्यांच्यावर फार वेळ घालवायला नको. आपल्याला आज बघायची आहेत ती दुसऱ्यांनी चिकटवलेली नावं.

कनेक्टिकटचंच घ्या. त्याचं जुनं नाव 'जायफळाचं राज्य', आणि तिथल्या थंडीत जायफळाचं झाड उगवत नाही! तिथले फिरते विक्रेते लाकडाची जायफळं कोरून खरी म्हणून खपवतात, असा बाहेरच्यांचा आरोप होता. (इतकं कोरीव काम करून हा धंदा परवडला असेल का, ही आमची शंका.) १९५९ मध्ये 'संविधानाचं राज्य' हे भारदस्त नाव अधिकृत झालं, पण लोकांच्या तोंडून जायफळ काही गेलं नाही.

मिसूरी हे 'मला दाखवा' राज्य. विलार्ड व्हँडिव्हर नावाच्या तिथल्या खासदाराने १८९९ मध्ये फिलाडेल्फियातल्या भाषणात सांगितलं, की नुसत्या बोलण्याने आमचं समाधान होत नाही, दाखवा. दुसरी कथा कोलोरॅडोतल्या खाणींची आहे. संपाच्या काळात मिसूरीहून आणलेल्या मजुरांना प्रत्येक काम दाखवावं लागे, म्हणून त्यांना हे शब्द लावून हिणवत. आम्हाला ही दुसरी कथा जास्त पटते. असली नावं व्यासपीठावर क्वचितच जन्मतात.

पण खरा विषय ओक्लाहोमाचा आहे. त्याचं टोपणनाव 'सूनर राज्य'. सूनर म्हणजे वेळेआधी घुसलेला. क्रीक आणि सेमिनोल जमातींकडून सरकारने घेतलेली सुमारे २० लाख एकर जमीन २२ एप्रिल १८८९ रोजी दुपारी बारा वाजता वसाहतीसाठी खुली होणार होती. जो आधी पोचेल आणि खूण रोवेल, त्याला १६० एकर. हजारो माणसं घोडे, गाड्या घेऊन सीमेवर उभी राहिली. बाराच्या आधी आत शिरलेल्याला हक्क मिळणार नाही, असं कायद्यात स्पष्ट लिहिलं होतं. तरी काहीजण आधीच जाऊन झाडीत, घळीत लपले होते. मग वर्षानुवर्षं खटले चालले. एक रेल्वे कामगार नोकरीनिमित्त आधीपासूनच आत होता आणि बाराच्या ठोक्याला रुळाशेजारची जमीन आपली म्हणू लागला. १८९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यालाही अपात्र ठरवलं. म्हणजे सूनर हा तेव्हा सरळसरळ लबाडीचा आरोप होता, बरं का.

आणि १९०८ मध्ये, राज्य होऊन जेमतेम वर्ष झालेलं असताना, तिथल्या विद्यापीठाच्या संघाने हेच नाव अभिमानाने घेतलं! फुटबॉलच्या मैदानावरून ते राज्यभर गेलं.

आता राज्याचं मूळ नाव पाहू. 'ओक्ला' म्हणजे लोक, 'हुम्मा' म्हणजे लाल. हे शब्द चोक्टॉ भाषेतले. १८६६ च्या तहाच्या वेळी अ‍ॅलन राइट या चोक्टॉ नेत्याने हे नाव सुचवलं, तेव्हा तो मूळ जमातींचा प्रदेश राहणार होता.

तिथल्या प्राथमिक शाळांत मुलं टोप्या घालून, छोट्या गाड्या ओढत ती जमिनीची शर्यत मैदानावर पुन्हा धावत असत. मूळ जमातींच्या लोकांनी विचारलं, आमच्या मुलांनी कोणत्या बाजूला उभं राहायचं? ओक्लाहोमा सिटीच्या सार्वजनिक शाळांनी हा खेळ आता बंद केला आहे. विद्यापीठाचा संघ मात्र अजून सूनर्सच आहे.