महाविद्यालयीन ग्रंथालयासाठी दूरचित्रवाणी-मुद्रण संगणक : रचना, कार्य आणि मर्यादा

प्रस्तावना :
भारतात शैक्षणिक दूरचित्रवाणीची परंपरा जुनी आहे. १९७५-७६ मधील 'साइट' प्रयोगाने उपग्रहाद्वारे खेड्यापर्यंत कार्यक्रम पोहोचविले. विद्यापीठ अनुदान आयोगाचे उच्च शिक्षणविषयक कार्यक्रम १९८४ पासून दूरदर्शनवर सुरू झाले आणि २०१७ मध्ये 'स्वयंप्रभा' योजनेखाली प्रारंभी ३२ विनामूल्य वाहिन्या उपलब्ध झाल्या. या सर्व प्रयत्नांपुढे एक अडचण कायम राहिली, ती म्हणजे प्रक्षेपणाची वेळ व महाविद्यालयाचे वेळापत्रक यांचा मेळ बसत नाही. स्वयंप्रभावर नवा आशय दिवसातून अनेक वेळा पुनःप्रक्षेपित होतो. तरीही तो तासिकेच्या नेमक्या वेळी येईलच असे नाही. यांपैकी बरीच व्याख्याने आंतरजालावर आहेत. परंतु जोडणी क्षीण असलेल्या गावी साठ विद्यार्थ्यांच्या वर्गाला त्यांचा भरवसा धरता येत नाही. अशा ठिकाणी प्रक्षेपण मुद्रित करून सोयीच्या वेळी दाखविणारा संगणक उपयुक्त ठरतो.

पार्श्वभूमी :
घरगुती मुद्रणाची सोय प्रथम व्हिडिओ कॅसेट रेकॉर्डरने दिली. १९९९ मध्ये अमेरिकेत 'टिवो' हे हार्ड डिस्कवर मुद्रण करणारे यंत्र बाजारात आले. हेच कार्य साध्या संगणकाकडून करून घेणारी 'मायथटीव्ही' ही मुक्त आज्ञावली २००२ मध्ये सुरू झाली. मायक्रोसॉफ्टची 'मीडिया सेंटर' ही सुविधा त्याच वर्षी आली. मात्र २०१५ च्या विंडोज १० मधून ती वगळण्यात आली. त्यामुळे आज या कामासाठी लिनक्सवरील मुक्त आज्ञावल्यांकडे वळणे श्रेयस्कर ठरते.

रचना व कार्य :
छतावरील डिशच्या केंद्राशी बसविलेला एलएनबी उपग्रहाकडून आलेले उच्च वारंवारतेचे संकेत ९५० ते २१५० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात उतरवितो. ते केबलने संगणकातील ट्यूनर कार्डापर्यंत पोहोचतात. हे कार्ड डीव्हीबी-एस२ प्रमाणाचे असावे. दूरदर्शनची फ्री डिश सेवा व स्वयंप्रभा या दोहोंसाठी डिश ९३.५ अंश पूर्व रेखांशावरील जीसॅट-१५ उपग्रहाकडे रोखावी लागते.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. मुद्रणासाठी शक्तिशाली संगणक लागतो असे मानले जाते. ॲनालॉग काळात ते बव्हंशी खरे होते, कारण येणारे चित्र संगणकालाच संपीडित करावे लागे. अंकीय प्रक्षेपण मात्र आधीच संपीडित स्वरूपात येते. संगणकाला तो प्रवाह केवळ डिस्कवर उतरवून घ्यावयाचा असतो. म्हणून कार्यालयातून बाद झालेला जुना संगणकही मुद्रणास पुरतो. चित्र दाखविण्यासाठी मात्र उलगडणीची क्षमता लागते. ते काम वर्गातील दुसऱ्या संगणकावर सोपविता येते.

याच तत्त्वावर आणखी एक सोय अवलंबून आहे. एका ट्रान्सपाँडरवरून अनेक वाहिन्या एकत्रित प्रवाहात येतात. त्यामुळे एकाच ट्यूनरवर त्या ट्रान्सपाँडरवरील दोन-तीन वाहिन्यांचे एकाच वेळी मुद्रण शक्य होते. भिन्न ट्रान्सपाँडरवरील वाहिन्यांसाठी दुसरा ट्यूनर हवा.

'टीव्हीहेडएंड' ही आज्ञावली वाहिन्यांचा शोध, वेळापत्रक व मुद्रण सांभाळते, तर 'कोडी' ही आज्ञावली पाहण्यासाठी वापरता येते. दोन्ही विनामूल्य आहेत. प्रत्येक मुद्रणापूर्वी व नंतर पाच मिनिटांची सवलत ठेवावी, अन्यथा कार्यक्रम किंचित उशिरा सुरू झाल्यास व्याख्यानाचा शेवट हातचा जातो.

साठवणुकीचे गणित :
प्रवाहाचा वेग सेकंदास ४ मेगाबिट धरल्यास एका तासाला १.८ गिगाबाइट जागा लागते. म्हणजे १ टेराबाइटच्या डिस्कवर सुमारे ५५० तासांचे मुद्रण मावते. रोज चार तास मुद्रण केल्यास ती साडेचार महिन्यांत भरेल. यास्तव काय ठेवावे व काय पुसावे हा निर्णय विषय-प्राध्यापकांनी घ्यावा आणि मुद्रणांची नोंद विषय, पाठ व दिनांक यांनुसार ग्रंथालयाच्या सूचीत व्हावी. नोंद नसलेले मुद्रण सापडत नाही. सबब ते असून नसल्यासारखेच.

मर्यादा :
वीजपुरवठा खंडित झाल्यास मुद्रण तुटते, म्हणून यूपीएस आवश्यक आहे. मुसळधार पावसात संकेत क्षीण होतात. सशुल्क वाहिन्या कूटबद्ध असल्याने या रचनेत त्या मिळत नाहीत.

कायद्याचा विचारही महत्त्वाचा आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी, नंतर पाहण्यासाठी घरी केलेले मुद्रण वैध ठरविले. भारतात प्रतिलिप्यधिकार अधिनियम, १९५७ मधील कलम ३९ हे खासगी वापरासाठी, अथवा केवळ सद्भावपूर्वक अध्यापन वा संशोधनासाठी केलेल्या मुद्रणाने प्रक्षेपण-संस्थेच्या हक्काचा भंग होत नाही असे सांगते. तथापि कार्यक्रमात अंतर्भूत चित्रपट, संगीत इत्यादींवरील हक्क स्वतंत्र असतात. मुद्रणाच्या प्रती विकणे किंवा सार्वजनिकरीत्या प्रसृत करणे या सवलतीत बसत नाही.

समारोप :
या योजनेचा खर्च मुख्यत्वे डिश, ट्यूनर कार्ड व डिस्क एवढाच आहे. खरी गुंतवणूक निवडीची व नोंदीची आहे. जेथे प्राध्यापक पाठाशी जुळणारे अर्ध्या तासाचे मुद्रण निवडून त्यावर चर्चा घडवितात, तेथे ते अध्यापनाचे साधन होते. तसे न झाल्यास उत्तम यंत्रही बंद कपाटातील पुस्तकांप्रमाणे निरुपयोगी राहते.