संमती दुकानातली
संगणक, कंपन्या आणि आपण : लेखांक सातवा

मागच्या लेखांकात विंडोज १० च्या निवृत्तीची हकिगत आली होती. १४ ऑक्टोबर २०२५ पासून मायक्रोसॉफ्टने त्या प्रणालीच्या मोफत सुरक्षा-दुरुस्त्या थांबवल्या. आणखी वर्षभर दुरुस्त्या हव्या असतील तर तीस डॉलर भरा, कंपनीच्या बक्षीस योजनेतले हजार गुण मोजा, नाहीतर कंपनीचे खाते उघडून आपल्या संगणकाची सेटिंग्ज तिच्या क्लाउडवर ठेवा, असे तीन मार्ग तिने दिले. युरोपातल्या ग्राहक संघटनांनी दबाव आणल्यावर तिथली क्लाउडची अट गळाली. आपल्याकडे ती तशीच राहिली. असे काही घडले की सल्ले सुरू होतात: लिनक्स घाला, ब्राउझर बदला, गूगल सोडा.

सल्ला चुकीचा नाही. मी स्वतः तो अनेकांना दिला आहे. पण संगणक आपला आहे, त्याच्यासमोर आपण बसलो आहोत आणि माउस आपल्या हातात आहे, हे सगळे त्यात न बोलता धरलेले असते. या देशातल्या फार मोठ्या वर्गाचा संगणकाशी संबंध तसा येत नाही. तो कसा येतो हे पाहायला या आठवड्यात झाशीला जाऊ.

झाशीच्या कचहरी चौराह्याच्या आसपास, सदर बाजारात, सिपरी बाजारात, आणि जिल्ह्यात मऊरानीपूर, मोठ, गरौठा अशा ठिकाणी ‘जन सेवा केंद्र’ अशी पाटी दिसते. महाराष्ट्रात आपण सेतू किंवा महा ई-सेवा केंद्र म्हणतो, त्याचीच ही उत्तर प्रदेशी आवृत्ती. काही केंद्रे सरकारमान्य असतात, तर काही शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानातून नुसती पाटी लावून चालतात, आणि गिऱ्हाईकाला त्यातला फरक कळायचे कारण नसते. इथे ‘आय-जाति-निवास’ (उत्पन्न, जात, रहिवास) हे तिन्ही दाखले एका दमात मागितले जातात. खतौनीचा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा, उतारा, शिष्यवृत्तीचा अर्ज, भरतीचा फॉर्म, किसान सन्मानची केवायसी ही कामेही इथलीच. नोव्हेंबर आला की निवृत्तिवेतनवाले येतात. झाशी रेल्वेचे गाव. १९०० साली इथला मार्ग मुंबईच्या जीआयपी रेल्वेकडे गेला आणि २००३ मध्ये उत्तर मध्य रेल्वे निघेपर्यंत झाशी विभाग ज्या रेल्वेत होता तिचे मुख्यालय मुंबईतच होते. रेल्वेतून निवृत्त झालेल्यांची, त्यात मराठी आडनावांचीही, तिथे वाण नाही. २०१४ मध्ये ‘जीवन प्रमाण’ सुरू झाले तेव्हापासून आपण जिवंत असल्याचा दाखला अंगठ्याच्या ठशावर मिळतो, आणि ठसा घेणारे यंत्र असते केंद्रात.

गिऱ्हाईक बाजूच्या स्टुलावर बसते. पडदा त्याला तिरपा दिसतो. प्लॅस्टिकच्या पिशवीतली कागदपत्रे पुढे होतात, “अम्मा, ओटीपी बताओ” अशी हाक येते, अम्मा फोन उघडून तोही दुकानदाराच्याच हातात देतात. फॉर्मच्या शेवटी ‘मी वरील अटी वाचल्या आहेत व मला मान्य आहेत’ असा चौकोन असतो. तो टिचकवतो दुकानदार. त्याच्याजवळही अटी वाचायला वेळ नसतो, रांग वाढत असते. आणि ज्याच्याकडे स्वतःचा मोबाइल नाही त्याच्या अर्जावर पुष्कळदा दुकानदार आपलाच नंबर घालतो. पुढे त्या अर्जाचे निरोप, ओटीपी सगळे त्याच्याच फोनवर.

आता त्या संगणकात काय आहे ते पाहू. विंडोज असते, पण कुठून आले हे विचारू नये. ते ‘चालू’ करायची फुकटी युक्ती वापरताना अँटिव्हायरस बंद ठेवायला सांगितलेले असते, आणि तो पुन्हा सुरू करायचा राहून गेलेला असतो. अशा दुकानदारांच्या मनात कंपन्यांविषयी जुनी अढी आहे, आणि ती निराधार नाही. २००६ मध्ये विंडोज अस्सल आहे का हे तपासणारा एक भाग रोज गुपचूप मायक्रोसॉफ्टशी संपर्क साधतो असे उघड झाले. कंपनीला ते मान्य करावे लागले. २००८ मध्ये अस्सल नसलेल्या विंडोज एक्सपीच्या पडद्याची पार्श्वभूमी दर तासाला काळी होऊ लागली. तेव्हापासून अपडेट बंद ठेवणे हे शहाणपणाचे लक्षण झाले. पाळत नको म्हणून घेतलेली ही खबरदारी शेवटी चोरांना दार उघडून देते, पण तिचा उगम कंपनीच्याच वागण्यात आहे हे विसरून चालणार नाही.

दुसरी गोष्ट कृतिदेव. झाशीच्या कोर्टकचेऱ्यांभोवती हिंदी टायपिंग शिकलेल्यांची बोटे जुन्या रेमिंग्टन मांडणीवर बसलेली आहेत आणि कृतिदेव त्या मांडणीवर चालतो. हा टंक आत इंग्रजी अक्षरेच साठवतो, फक्त ती देवनागरीसारखी दाखवतो. टंक नसलेल्या संगणकावर अर्जाचा नुसता काला दिसतो. आपल्याकडच्या छापखान्यांनाही हा त्रास ठाऊक आहे. टंक, त्याच्यावरची सवय आणि जुने मसुदे यांच्यामुळे संगणक बदलायची इच्छाच होत नाही. ‘लिनक्स घाला’ हा सल्ला इथे येऊन अडतो.

तिसरी गोष्ट फोटोशॉप ७.०. २००२ सालचे हे सॉफ्टवेअर भारतभर गल्लोगल्लीच्या फोटो स्टुडिओत आणि फॉर्मच्या दुकानांत अजून जिवंत आहे, याचे परदेशी लोकांना नवल वाटते. ते टिकायचे कारण साधे आहे. पुढच्याच आवृत्तीपासून, म्हणजे २००३ च्या फोटोशॉप सीएसपासून, अडोबीने विंडोजवर इंटरनेटवरून वा फोनवरून चालू करून घेण्याची अट आणली. ७.० ला फक्त एक क्रमांक पुरत असे. शिवाय ते जुन्या यंत्रावरही भरभर चालते. पुढे २०१३ मध्ये अडोबीने नव्या आवृत्त्या एकदाच विकत देण्याची पद्धत मोडीत काढून फक्त वर्गणी ठेवली, तेव्हा या दुकानांचा त्या कंपनीशी उरलासुरला संबंधही संपला. चोरीची प्रत वापरणे योग्य आहे असे मी म्हणत नाही. पण त्या चोरीच्या प्रतीचा एक गुण नोंदवायला हवा: ती कोणाशी बोलत नाही. तिच्यात उघडलेला फोटो त्या टेबलावरच राहतो.

हे महत्त्वाचे का, ते कळायला फॉर्म भरून पाहावा लागतो. ‘फोटो २० ते ५० केबी, सही १० ते २० केबी, प्रमाणपत्र पीडीएफमध्ये, इतक्या केबीच्या आत.’ सरकारी भरतीच्या फॉर्मवरची ही ओळ भारतातल्या प्रत्येक तरुणाला पाठ आहे. फोनने काढलेला फोटो तीन-चार एमबीचा असतो, तो चेपून बसवावा लागतो. ज्याला फोटोशॉप येते तो ‘सेव्ह फॉर वेब’ करून मोकळा होतो. ज्याला येत नाही, आणि नव्या पोरांपैकी बहुतेकांना येत नाही, तो गूगलमध्ये ‘कंप्रेस पीडीएफ’ शोधतो आणि पहिल्या मिळालेल्या फुकट संकेतस्थळावर आधार, गुणपत्रिका, जातीचा दाखला, बँकेचे पासबुक सगळे चढवतो. दोन सेकंदांत फाइल लहान होऊन येते. मूळ फाइल कुठल्या देशातल्या सर्व्हरवर गेली, तिथे किती वेळ राहिली, हे त्या दोन सेकंदांत कोणी विचारत नाही. नावाजलेली संकेतस्थळे तासा-दोन तासांत फाइल पुसतो असे लिहितात, आणि पुसतही असतील. शोधात वर येणारी सगळीच नावाजलेली नसतात. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयच्या डेन्व्हर कार्यालयाने याच जातीच्या फुकट फाइल-बदलू संकेतस्थळांविषयी इशारा दिला होता: काही चढवलेल्या फाइलींतून ओळखीचे क्रमांक, पासवर्ड उपसतात आणि परत दिलेल्या फाइलीबरोबर घातक प्रोग्रॅमही पाठवतात.

म्हणजे झाशीतल्या मुलाची कागदपत्रे परदेशी सर्व्हरवर पोहोचली त्यात गूगल, मेटा, मायक्रोसॉफ्ट यांचा हात नव्हता. ‘५० केबीच्या आत’ असे लिहिणाऱ्या सरकारी फॉर्मने ती तिकडे ढकलली. मोठ्या कंपन्यांवर टीका करताना ही बाजू आपल्या लिखाणात येत नाही, आणि मला या लेखमालेत सगळ्यात जास्त राग येतो तो याचा.

व्हॉट्सॲपचेही असेच. गिऱ्हाईक कागद घरी विसरते, मुलगा दिल्लीहून फोटो पाठवतो, दुकानातल्या क्रोममध्ये व्हॉट्सॲप वेब दिवसभर उघडे असते. २०१६ पासून व्हॉट्सॲपचे संदेश टोकापासून टोकापर्यंत कूटबद्ध असतात, हे खरे. पण इथे एक टोक दुकानातला संगणक आहे. लिफाफा वाटेत कोणी फोडला नाही, पण तो पोहोचला त्या टेबलावर उघडाच पडून राहिला. ‘डाउनलोड्स’ फोल्डरमध्ये कोणाकोणाचे आधार, पॅन, बायकांचे फोटो, जमिनीचे कागद एकावर एक साचतात. मेटाला व्हॉट्सॲपच्या २०२१ च्या गोपनीयता धोरणापायी स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये २१३ कोटींचा दंड केला, तो योग्यच होता. त्या दंडाने या फोल्डरला काही झाले नाही.

ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो, मग भीती कसली, असे कोणी म्हणेल. तो पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्मसाल. दोन्ही त्याच फोल्डरमधल्या दुसऱ्या फॉर्मवर छापलेले असतात.

दुकानदार बदमाश असतात असे मुळीच नाही. बहुतेक पोरे कष्टाळू आहेत, आणि त्यांच्यावाचून अर्धा जिल्हा कागदाविना राहील. फाइली ते वाईट हेतूने ठेवत नाहीत. तेच गिऱ्हाईक पुढच्या महिन्यात पुन्हा येते आणि “पिछली बार वाला निकाल लो” म्हणते. पण साठा झाला की त्याला गिऱ्हाईक भेटतेच. मार्च २०१७ मध्ये रांचीत महेंद्रसिंह धोनीचे आधार काढणाऱ्या केंद्राचा उत्साह इतका उतू गेला की त्याच्या अर्जातला तपशील ट्विटरवर झळकला. त्या केंद्राला दहा वर्षे बंदी झाली. जानेवारी २०१८ मध्ये ‘द ट्रिब्यून’च्या बातमीदार रचना खैरा यांनी दाखवून दिले की पाचशे रुपयांत आधारच्या माहितीचे दार उघडून मिळते, आणि संशय गेला तो अशाच केंद्रचालकांच्या जुन्या लॉगिनांकडे. आधार प्राधिकरणाने आधी तक्रार नोंदवली ती बातमीदाराचे नाव घालून.

सरकारचे स्वतःचे म्हणणे तरी एक आहे का? सायबर कॅफेंसाठीचे २०११ चे नियम सांगतात: येणाऱ्याच्या ओळखपत्राची छायाप्रत किंवा स्कॅन करून वर्षभर जपून ठेवा. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने पत्रक काढले: आधारची प्रत कोणाला देऊ नका, कॅफेतल्या संगणकावर ई-आधार उतरवू नका, उतरवलेच तर कायमचे पुसा. सल्ला अगदी रास्त होता. दोनच दिवसांत, गैरसमज होईल म्हणून, तो मागे घेतला गेला.

२०२३ चा डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा संमतीवर उभा आहे. संमती मुक्त हवी, विशिष्ट हवी, माहिती घेऊन दिलेली हवी, आणि ती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या बावीस भाषांपैकी कोणत्याही भाषेत मिळायला हवी. झाशीच्या गावांत बोलतात ती बुंदेली त्या अनुसूचीत नाही, पण त्याहून मोठी अडचण सूचना कोण वाचणार ही आहे. पडद्यासमोर दुकानदार आहे. दाखले, अनुदाने देण्यासाठी सरकारला तर बऱ्याच प्रसंगी नव्याने संमती विचारण्याचीही गरज या कायद्याने ठेवलेली नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम आले; त्यांतला मुख्य भाग अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू होईल. सुरक्षेत कसूर झाल्यास अडीचशे कोटींपर्यंत दंड आहे. हा आकडा कंपन्यांना धाक म्हणून ठीक आहे, सिपरी बाजारातल्या दुकानाला त्याचा अर्थच लागत नाही.

मग करायचे काय? गिऱ्हाईकापुरते थोडेच आहे. जिथे चालते तिथे फक्त शेवटचे चार आकडे दाखवणारे आधार द्यावे, काम झाल्यावर फाइल पुसायला सांगावे आणि रिसायकल बिनही रिकामी करून घ्यावी. आईवडिलांच्या बायोमेट्रिकला कुलूप लावता येते, ते घरच्या जाणत्याने लावून द्यावे. निवृत्तिवेतनाच्या दाखल्यासाठी २०२१ पासून फोनच्या कॅमेऱ्याने चेहरा दाखवून काम होते. नात्यातला एक चांगला फोन त्यासाठी पुरतो. दुकानदाराला फोटो बारीक करायला गिंप बसवून दिले तर अर्धे काम झाले. ते फुकट आहे आणि फाइल बाहेर पाठवत नाही.

मोठा उपाय मात्र फॉर्म लिहिणाऱ्यांच्या हातात आहे. फोटो लहान करण्याचे काम फॉर्मने ब्राउझरमध्येच स्वतः करून घ्यावे. तांत्रिकदृष्ट्या ते अगदी किरकोळ आहे. सरकारला हे जमत नाही असेही नाही. कर्मचारी निवड आयोगाने २०२४ च्या नव्या संकेतस्थळापासून उमेदवाराचा फोटो चढवून घेणे बंद केले. अर्ज भरतानाच कॅमेऱ्याने तो काढला जातो आणि केबीची भानगड उरत नाही. त्याच वर्षीच्या त्याच अर्जात सही मात्र स्कॅन करूनच द्यायची होती, १० ते २० केबीत.