चुकांचे वाचन : अध्ययन-अक्षम व स्वमग्न मुलांच्या मराठी अध्यापनाचा भाषाशास्त्रीय विचार

वर्गात मूल चुकले की शिक्षक ती चूक खोडतो आणि तिच्या जागी बरोबर रूप लिहून देतो. बहुसंख्य मुलांच्या बाबतीत एवढा उपाय पुरेसा ठरतो. परंतु प्रत्येक वर्गात एकदोन मुले अशी असतात की, दुरुस्ती कितीही वेळा केली तरी चूक पुन्हा उभी राहते. अशा मुलाला प्रथम 'निष्काळजी', मग 'आळशी' आणि शेवटी 'मठ्ठ' ही विशेषणे लागतात. तिसरे विशेषण लागले म्हणजे शिक्षकाचा प्रयत्न संपतो आणि पुष्कळदा मुलाचे शिक्षणही संपते. चूक ही दुरुस्त करण्यापूर्वी वाचावयाची गोष्ट आहे, आणि ते वाचन करण्यासाठी मराठी भाषेच्या व लिपीच्या घडणीचे ज्ञान शिक्षकाला अवश्य आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम संज्ञांचा अर्थ निश्चित केला पाहिजे. बुद्धी, दृष्टी व श्रवण ठीक असून आणि शिकण्याची संधी मिळूनही वाचन, लेखन किंवा गणित यांत मूल सातत्याने मागे पडत असेल, तर त्या अवस्थेला अध्ययन-अक्षमता म्हणतात. ही संज्ञा अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ सॅम्युएल कर्क यांनी १९६३ साली रूढ केली. स्वमग्नता ही याहून भिन्न अवस्था होय. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांच्या निरीक्षणावरून तिचे वर्णन केले. इतरांशी संवाद साधण्याची वेगळी रीत, ठराविक क्रमाचा आग्रह आणि ध्वनी, प्रकाश, स्पर्श यांसंबंधीची असाधारण संवेदनशीलता ही तिची लक्षणे सांगितली जातात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ या कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारांत या दोन्ही अवस्थांचा समावेश आहे.

महाराष्ट्रात या मुलांची दखल त्याआधीच घेतली गेली होती. १९९६ पासून राज्य शासनाने अध्ययन-अक्षम विद्यार्थ्यांना शालान्त परीक्षेत जादा वेळ, लेखनिक इत्यादी सवलती देऊ केल्या. परंतु निदानाची सोय प्रथम मुंबईसारख्या शहरात झाली, आणि खेड्यापासून तिचे अंतर अद्याप मोठे आहे. जालना जिल्ह्यात, भोकरदन तालुक्यातील हसनाबादसारख्या गावाचा विचार केला म्हणजे या अंतराचा अर्थ कळतो. तेथील पालकाला मानसशास्त्रज्ञाकडे जावयाचे, तर मजुरी बुडवून जिल्ह्याचे किंवा त्याहून दूरचे शहर गाठावे लागते. शिवाय २०१८ च्या शासकीय मार्गदर्शक सूचनांनुसार अध्ययन-अक्षमतेचे निदान तिसरी इयत्ता किंवा आठ वर्षे वय यांपासून सुरू होते. म्हणजे पहिली-दुसरीची दोन निर्णायक वर्षे, जेथे अक्षराची गाठ पडते किंवा सुटते ती वर्षे, सर्वस्वी वर्गशिक्षकाच्या हाती असतात. प्रमाणपत्राची वाट पाहत अध्यापन थांबविता येत नाही.

चुकांचे तीन वर्ग

अशा वर्गात मुलाच्या वहीत दिसणाऱ्या चुका तीन निरनिराळ्या मूळस्थानांतून येतात.

पहिले मूळस्थान बोली हे होय. 'पाणी' ऐवजी 'पानी' लिहिणारे मूल आपल्या घरचा उच्चार प्रामाणिकपणे लिहीत असते. भोकरदन तालुका बुलढाणा जिल्ह्याच्या सीमेला लागून आहे. वऱ्हाडीत 'डोळा' या शब्दाचा 'डोया' होतो, आणि बोली जिल्ह्याच्या सीमा पाळीत नाहीत. हा प्रदेश १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. मराठवाड्यात अनेक घरांतून दखनी बोलली जाते. त्या घरच्या मुलाला 'ळ' हा ध्वनी शाळेतच प्रथम भेटण्याचा संभव असतो. अशा चुकांचे वैशिष्ट्य हे की, त्या नियमित असतात. जे मूल 'पानी' लिहिते, ते 'कोन' आणि 'लोनी' हेही लिहिते.

दुसरे मूळस्थान लेखननियम हे होय. मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२ साली शासनमान्य झाले. त्यांनुसार शब्दाच्या अंती येणारा इकार व उकार दीर्घ लिहावयाचा असतो, आणि 'आणि' हा शब्द त्याला अपवाद. प्रत्यक्ष बोलण्यात ऱ्हस्व-दीर्घाचा भेद फारसा अर्थभेदक राहिलेला नसल्यामुळे 'आणी' लिहिणारे मूल कानावर विसंबून असते. 'करतो' हा शब्द 'कर्तो' असा लिहिणाऱ्या मुलाची गोष्ट तर अधिक उद्बोधक आहे. मराठीत शब्दाच्या मध्ये व अंती 'अ' स्वराचा उच्चार पुष्कळदा लोपतो. तो लोप ज्याने ऐकला, त्याचा कान उत्तम आहे. त्याला केवळ लेखनाचा संकेत सांगावयाचा आहे.

तिसऱ्या वर्गातील चुका या दोहोंत बसत नाहीत. 'किरण' हे 'करिण' असे वाचले जाते. 'पुस्तक' एका ओळीत 'पुतक', दुसरीत 'पसतक' आणि तिसरीत 'पुसक' होते. जोडाक्षर आले की मूल थबकते व पहिल्या अक्षरावरून शब्दाचा अंदाज बांधते. तीच गोष्ट तोंडी विचारली, तर उत्तर चटकन आणि बरोबर येते. येथे चूक अनियमित आहे, शिकवूनही टिकून राहते, आणि मुलाच्या बोलण्याशी तिचा मेळ बसत नाही. अध्ययन-अक्षमतेची शंका येथे घ्यावी. पहिल्या दोन वर्गांतील चुकांवरून ती घेऊ नये. बोलीला रोग ठरविणे आणि खऱ्या अडचणीला बोलीचे नाव देऊन सोडून देणे, या दोन्ही गोष्टी मुलाला सारख्याच घातक आहेत.

लिपीचे अडथळे

वाचन-अक्षमतेसंबंधीचे पुष्कळसे संशोधन इंग्रजीभाषक मुलांवर झाले आहे, आणि त्यातून निघालेल्या पद्धती मराठीला जशाच्या तशा लावण्याचा मोह होतो. परंतु इंग्रजीत २६ अक्षरे असून त्यांचे उच्चार अनिश्चित आहेत. मराठीत उच्चार बहुतांशी निश्चित असले, तरी बाराखडीच धरली तर चारशेवर अक्षररूपे होतात आणि जोडाक्षरे त्याखेरीज. कन्नड लिपी मराठीप्रमाणेच अक्षरप्रधान आहे. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांच्या वाचनाचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध केला. त्यात असे आढळले की, अक्षरज्ञान पूर्ण होण्यास प्राथमिक शाळेची अनेक वर्षे लागतात, आणि अक्षराच्या पोटातील सुटा ध्वनी ओळखण्याची जाण सावकाश येते. म्हणून पहिल्याच महिन्यात सुट्या व्यंजनांची कसरत करून घेणे मराठी मुलाला उपकारक नाही. प्रारंभ अक्षरापासून करून ध्वनीकडे जावे.

दुसरा मुद्दा अचूकतेचा व गतीचा. पाउलेसू व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली इंग्रजी, फ्रेंच व इटालियन वाचन-अक्षम प्रौढांची तुलना केली. मेंदूतील अडचण तिन्ही गटांत सारखीच दिसली. परंतु ज्यांची लिपी नियमित, ते इटालियन वाचक वाचनात इतरांहून सरस ठरले. नियमित लिपी अडचण झाकते, नाहीशी करीत नाही. मराठी मूल चौथीपर्यंत बरोबर वाचू लागेल, पण एकेक अक्षर जुळवीत, घाम गाळीत वाचील. जो शिक्षक केवळ चुका मोजतो आणि वेळ मोजीत नाही, त्याच्या नजरेतून हे मूल निसटते.

तिसरा मुद्दा लिखित व उच्चारित क्रमांतील विसंगतीचा. पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी लिहिली जाते, पण तिचा उच्चार व्यंजनानंतर होतो. 'सूर्य' या शब्दात 'र्' हा 'य' च्या आधी ऐकू येतो, पण रफार 'य' च्या डोक्यावर बसतो. ज्या मुलाला क्रम धरून ठेवणेच अवघड जाते, त्याला अशी स्थळे पुन:पुन्हा अडवितात.

अध्यापनाची दिशा

या विवेचनातून काही व्यावहारिक निष्कर्ष निघतात. बाराखडीचा घोष मुलाला ताल देतो, पण अक्षर-ध्वनीचा संबंध देतोच असे नाही. संपूर्ण बाराखडी तालात म्हणणारे मूल मध्येच 'कु' दाखविला तर मनातल्या मनात 'क, का, कि, की' म्हणत तेथवर जाते. यापेक्षा चारपाच व्यंजने व एकदोन स्वरचिन्हे यांचा लहान गट घेऊन त्यांतून लगेच अर्थपूर्ण शब्द बनवावेत. क, म, र, ल आणि काना एवढ्यांतून काम, राम, माल, कमल, कमाल हे शब्द होतात. फलटण येथे मॅक्सिन बर्नसन यांनी शाळेत जाऊनही वाचता न येणाऱ्या मुलांसाठी केलेल्या कार्यात अक्षरगटांचे हेच तत्त्व होते. बर्नसन या स्वतः भाषाशास्त्रज्ञ. फलटणच्या बोलीतील विविधता हा त्यांच्या १९७३ च्या प्रबंधाचा विषय होता. बोलीचा अभ्यास आणि वाचनाचे अध्यापन यांचा संबंध किती निकटचा आहे, याचे हे उत्तम उदाहरण होय.

अक्षर स्थिर झाल्यावर माती-मोती, काडी-गाडी, वाट-वाटी अशा एकाच ध्वनीचा भेद असलेल्या जोड्या द्याव्यात. अक्षराच्या पोटातील ध्वनी त्यांतून आपोआप सुटा होतो. वेलांटी शिकविताना व्यंजनाचे कार्ड आधी ठेवावे, मग वेलांटीचे कार्ड डावीकडून आणून लावावे, आणि उच्चार मात्र 'क्, मग इ' असा करून घ्यावा. ऑर्टन व गिलिंगहॅम यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या पद्धतीत डोळा, कान व हात यांचा एकाच वेळी उपयोग करतात. त्यासाठी मुलाकडून वाळूत अक्षर गिरवून घेतात. महाराष्ट्राला धूळपाटी नवी नाही. फरक इतकाच की, गिरविताना ध्वनीचा उच्चार झाला पाहिजे. मुकी धुळाक्षरे हाताला वळण देतात, वाचन देत नाहीत. पूर्वतयारीवाचून अशा मुलाला सर्वांसमोर प्रकट वाचन करावयास उभे करू नये. आणि इतिहास-भूगोलाचे ज्ञान तपासावयाचे असेल, तर ते तोंडी तपासावे.

क्रमाची हीच अडचण संख्यांतही येते. ५३ हा आकडा लिहिताना पाच आधी येतो, 'त्रेपन्न' म्हणताना तीन आधी येतो. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'पन्नास तीन' अशा वाचनाची जोड दिली गेली, तेव्हा मोठा वाद झाला आणि तो विधिमंडळापर्यंत गेला. मंगला नारळीकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने सुचविलेल्या या बदलाकडे पुष्कळांनी भाषेवरील आघात म्हणून पाहिले. सर्वांसाठी तो योग्य की अयोग्य, याविषयी मतभेद राहतील. परंतु ५३ आणि ३५ यांत गोंधळणाऱ्या मुलासाठी ती एक पायरी आहे, आणि पायरी चढून गेल्यावर 'त्रेपन्न' गाठता येते.

स्वमग्न मुलाची भाषा

स्वमग्न मुलाच्या बाबतीत चुकांचे वाचन निराळ्या रीतीने करावे लागते. काही स्वमग्न मुले अक्षरे लहानपणीच आश्चर्यकारक वेगाने वाचतात, पण अर्थ त्या मानाने पोचत नाही. वाचन-अक्षम मुलाला अर्थ कळतो, अक्षर अडते. येथे अक्षर सुटते, अर्थ अडतो. म्हणून दोघांना एकच उपाय लावता येत नाही.

ऐकलेले वाक्य जसेच्या तसे उच्चारणे हे अनेक स्वमग्न मुलांचे लक्षण आहे. कॅनर यांनीच नमूद केले की, ही मुले सर्वनामे ऐकली तशी परत करतात. स्वतःला 'तू' म्हणतात. मराठीत सर्वनाम पुष्कळदा वगळले जाते आणि पुरुष व लिंग क्रियापदाच्या प्रत्ययात राहतात. त्यामुळे हा विपर्यय क्रियापदात शोधावा लागतो. आई विचारते, 'पाणी पितोस का?' तहान लागली की मुलगाही म्हणतो, 'पाणी पितोस का?' येथे 'तू' कोठेच नाही. 'पितोस' मधील 'स' ने सर्व सांगितले आहे. 'मी आणते' हे आईचे वाक्य तसेच उचलणाऱ्या मुलग्याच्या तोंडी 'आणते' हे स्त्रीलिंगी रूप येईल. हे व्याकरणाचे अज्ञान किंवा चेष्टा समजून हसणे गैर आहे. प्रिझंट व डुकन यांनी १९८१ साली दाखविल्याप्रमाणे अशा प्रतिध्वनीला बहुधा काही हेतू असतो. येथे मूल पाणी मागत आहे. शिक्षकाने प्रश्न टाळून मुलाच्या तोंडी शोभेल असेच वाक्य पुढे ठेवावे : 'मला पाणी पाहिजे.' प्रतिध्वनीच मग योग्य वाक्य होतो.

वर्गातील आज्ञाही या दृष्टीने तपासाव्यात. 'मुलांनो, वह्या काढा' यातील 'मुलांनो' मध्ये आपण मोडतो, हे स्वमग्न मुलाला उमगेलच असे नाही. त्याचे नाव घेऊन 'वही काढ' म्हणावे आणि उत्तरासाठी थांबावे. 'हाताची घडी, तोंडावर बोट' ही आज्ञा ते अक्षरशः पाळील आणि बोट खाली घे, असे कोणी न सांगितल्यास तसेच बसून राहील. 'डोक्यात काही शिरतंय का?' या प्रश्नाने ते गोंधळेल. दिवसाचा क्रम चित्रांनी भिंतीवर लावणे, हा १९७२ पासून अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात एरिक शॉपलर यांनी विकसित केलेल्या पद्धतीचा एक गाभा होय. त्यासाठी पुठ्ठा व खडू पुरतात. तास बदलणार असेल, तर तसे आधी सांगावे. परिपाठाच्या गजराने मूल कान झाकत असेल, तर त्याला कडेला उभे राहू द्यावे. ती बेशिस्त नव्हे.

समारोप

राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ साली वाचन-अक्षमतेची चाचणी हिंदी, मराठी, कन्नड व इंग्रजी या भाषांत उपलब्ध केली. तिच्यात शिक्षकाने वापरावयाचा प्राथमिक छाननीचा भागही आहे. परंतु चाचणी एका दिवसाची असते. शिक्षकाचे निरीक्षण वर्षाचे असते. हसनाबादच्या शिक्षकाने एक साधी वही ठेवावी : दिनांक, अपेक्षित शब्द, मुलाने लिहिलेले रूप, आणि तोच शब्द मूल घरी कसा उच्चारते. तीन महिन्यांच्या नोंदींतून नियमित चूक कोणती आणि अनियमित कोणती, हे उघड होते. आणि पुढे मूल तज्ज्ञाकडे गेलेच, तर ही वही त्याच्यासोबत जाते.

विद्यापीठीय अभ्यासकांवरही यातून एक कर्तव्य येते. मराठीच्या निरनिराळ्या बोली बोलणारी निरोगी मुले पहिली ते चौथीत स्वाभाविकपणे कोणत्या चुका करतात, याच्या जिल्हावार नोंदी झाल्या पाहिजेत. स्वाभाविक चूक ठाऊक नसेल, तर अस्वाभाविक चूक ओळखण्याचे साधन उरत नाही. बोलीविज्ञानाच्या प्रबंधांत केवळ वृद्ध निवेदकांचेच उच्चार नोंदवून न थांबता, दुसरीतील मुलाची वहीही उघडून पाहावी. तिच्यातील तांबड्या रेघांखाली पुष्कळ सामग्री वाचावयाची राहिली आहे.