नीट ऐकू या (लेखांक सहावा) : खिशातला प्लेअर निवडताना

मागच्या आठवड्यात आपण फाईलींचे प्रकार पाहिले. एमपीथ्री करताना कानाला जे जाणवणार नाही असं मानलं जातं ते कापून टाकतात. फ्लॅक किंवा ॲपलचं अलॅक यांत काहीच कापलं जात नाही. फाईल दाबून लहान होते आणि वाजताना मूळचा एकेक आकडा जसाच्या तसा परत मिळतो. अशा लॉसलेस फाईली तुम्ही जमवल्या असतील, तर आता त्या वाजवायच्या कशावर हा प्रश्न येतो. फिओ, हायबी, शानलिंग, सोनी, ॲस्टेल अँड कर्न यांचे प्लेअर समोर मांडले की खोक्यांवर ३२ बिट, ७६८ किलोहर्ट्झ असे आकडे दिसतात. जितका मोठा आकडा तितका चांगला आवाज, असं वाटणं साहजिक आहे. तरीही त्या आकड्यांवरून प्लेअर निवडू नये, असं माझं ठाम मत आहे.

सीडी १९८२ मध्ये बाजारात आली, तेव्हा तिचं माप ठरलं ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिट. माणसाचा कान जास्तीत जास्त वीस किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो आणि तेवढं पकडायला नमुने टिपण्याचा दर त्याच्या दुपटीहून थोडा जास्त असला की पुरतो. १६ बिटांमुळे सर्वांत हलक्या आणि सर्वांत मोठ्या आवाजात सुमारे ९६ डेसिबलचं अंतर मिळतं. आपल्या घरातला पंखा आणि बाहेरची वाहतूक धरली, तर एवढं अंतर आपण कधी वापरतच नाही. ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरन यांनी २००७ मध्ये ऑडिओ इंजिनीअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात एक प्रयोग छापला. उच्च दर्जाचं ध्वनिमुद्रण एकदा थेट आणि एकदा सीडीच्या मापातून गाळून ऐकवलं. नेहमीच्या आवाजात ऐकणाऱ्यांना फरक सांगता आला नाही, त्यांची उत्तरं छापा-काट्याइतकीच बरोबर आली.

आपल्या संग्रहाचा विचार केला तर हे आणखी पटतं. १९०२ मध्ये कोलकात्यात गौहरजान यांचं गाणं तबकडीवर उतरलं, तिथून पुढची कित्येक दशकं आपलं संगीत ७८ फेऱ्यांच्या, तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्यांवर राहिलं. बालगंधर्वांची नाट्यपदं १९२ किलोहर्ट्झच्या फाईलीत ऐकली म्हणून तबकडीत नसलेलं काही त्यात येत नाही. जुन्या तबकड्यांचं जतन करणारी मंडळी ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट वापरतात ते योग्यच आहे, कारण खरखर काढताना त्यांना जास्तीची जागा लागते. ऐकणाऱ्याला ती लागत नाही. सीडीच्या मापाची फ्लॅक फाईल नीट वाजवणारा प्लेअर, एवढं आपलं लक्ष्य असावं.

मग वेगळा प्लेअर लागतोच का? फोनला वायरचे इअरफोन लावायची सोय २०१६ च्या आयफोन ७ पासून हळूहळू गेली. पण चार्जिंगच्या पिनला लावायचं छोटं डोंगल मिळतं, त्यातच आकड्यांचा आवाज करणारी चिप असते. ॲपलचं साधं डोंगल मोजमापात इतकं स्वच्छ आहे की अनेक महाग प्लेअर त्याच्या पुढे जात नाहीत. अँड्रॉइड फोन सहसा सगळे आवाज एकत्र करून ४८ किलोहर्ट्झला आणतात, त्यामुळे फाईल जशीच्या तशी बाहेर पडत नाही. हा फरक कानाला क्वचितच कळतो आणि तोही टाळायचा असेल तर थेट डोंगलशी बोलणारी ॲप आहेत. ज्यांना ऐकायला दिवसातून अर्धा तास मिळतो, त्यांनी डोंगल घ्यावं आणि उरलेले पैसे इअरफोनवर घालावेत. प्लेअर घ्यावा तो ज्यांचा स्वतःचा मोठा संग्रह आहे आणि ज्यांना तासभराचा ख्याल फोनच्या घंटीशिवाय ऐकायचा आहे त्यांनी.

आता प्लेअर आणि इअरफोन यांच्या जोडीकडे वळू. या गोष्टीकडे खरेदीच्या वेळी सहसा कुणी बघत नाही आणि आवाज सर्वांत जास्त इथेच बिघडतो.

प्रत्येक प्लेअरच्या निर्गमाला (आउटपुटला) स्वतःचा थोडा रोध असतो, तो ओहममध्ये मोजतात. कानात खोल बसणाऱ्या, एकाहून अधिक बारीक चालक (ड्रायव्हर) असलेल्या इअरफोनचा रोध स्वराप्रमाणे बदलतो. समजा तो एका पट्टीत ८ ओहम आणि दुसऱ्या पट्टीत ६० ओहम आहे, आणि प्लेअरचा रोध १० ओहम आहे. पहिल्या पट्टीत इअरफोनपर्यंत विद्युतदाबाचा ४४ टक्के वाटा पोचतो, दुसऱ्या पट्टीत ८६ टक्के. दोन पट्ट्यांत पावणेसहा डेसिबलचा फरक पडला. म्हणजे षड्ज दबलेला आणि तार सप्तक चमकदार, किंवा उलट, आणि यात गायकाचा काही संबंध नाही. तोच इअरफोन १ ओहमच्या प्लेअरला लावला तर फरक एका डेसिबलच्या आत येतो. म्हणून माहितीपत्रकात निर्गम-रोध (आउटपुट इम्पीडन्स) १ ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी आहे ना, हे बघावं. पत्रकात तो आकडा नसेल तर मोजमापं छापणाऱ्या समीक्षकांकडे शोधावा.

संवेदनशील इअरफोन लावून गाणं सुरू न करता थोडं ऐकत बसा. सूं असा बारीक आवाज येत असेल, तर विलंबित आलापातल्या प्रत्येक विसाव्यात तो ऐकू येणार. याउलट सेनहायझर एचडी ६०० सारखा ३०० ओहमचा मोठा हेडफोन असेल, तर जोर पुरतो का ते तपासावं लागतं. ४.४ मिलिमीटरच्या जाड पिनचा उपयोग इथे होतो, कारण त्या वाटेने साधारणपणे जास्त दाब मिळतो. साध्या इअरफोनला तिची गरज नाही.

दुसरी कसोटी आपल्या संगीतासाठी मी फार महत्त्वाची मानतो. ख्यालाच्या सीडीवर विलंबित आणि द्रुत हे पुष्कळदा वेगळे ट्रॅक असतात, पण मैफलीत तबला थांबलेला नसतो. दोन ट्रॅकांमध्ये प्लेअरने अर्धा सेकंदही शांतता घातली तर ठेका तुटतो आणि समेची वाट पाहणारं मन अडखळतं. एमपीथ्रीत फाईलीच्या आगेमागे थोडी शांतता चिकटतेच. फ्लॅकमध्ये मात्र लांबी तंतोतंत मूळचीच राहते, त्यामुळे खंड पडला तर दोष प्लेअरच्या प्रणालीचा. ही सोय ‘गॅपलेस’ नावाने लिहिलेली असते. लिहिलेल्यावर विसंबू नका, आपल्या ओळखीचे दोन जोडट्रॅक कार्डावर घालून दुकानातच वाजवून बघा.

त्याच कार्डावर ‘राग दुर्गा’ अशी देवनागरी नावाची एक फाईलही ठेवा. कमी किमतीच्या काही प्लेअरांत रफार भलतीकडे जातो किंवा नुसते चौकोन दिसतात. शिवाय बहुतेक प्लेअर कलाकार, अल्बम आणि प्रकार एवढ्यानेच संग्रह लावतात. राग, ताल, साथीदार यांना जागाच नसते. तेव्हा फोल्डर उघडून ऐकायची सोय असलेला प्लेअर घ्यावा आणि फोल्डर आपल्या मनासारखे लावावेत. संग्रह मोठा झाला की या सोयीचं मोल कळतं.

ब्लूटूथबद्दल थोडक्यात. सीडीचा आवाज दर सेकंदाला १४११ किलोबिट मागतो, तर सोनीचं एलडॅक जास्तीत जास्त ९९० देतं आणि तेही कापूनच. ते ऐकायला चांगलं लागतं, पण ते लॉसलेस नव्हे. मुख्यतः बिनवायरीच ऐकणार असाल तर लॉसलेससाठी वेगळा प्लेअर घेण्यात अर्थ नाही.

स्ट्रीमिंगही हवं असेल तर सहसा अँड्रॉइडचा प्लेअर लागतो. तो जड असतो, चार्ज लवकर संपतो आणि काही वर्षांनी ॲप त्याला साथ देईनाशी होतात. साध्या प्रणालीचा, बाजूला बटणं असलेला प्लेअर खिशात हात घालून थांबवता येतो. मी याच्या बाजूने आहे.

गायक नील यंग यांच्या पोनो प्लेअरची आठवण इथे ठेवावी. २०१४ मध्ये किकस्टार्टरवर त्यासाठी साठ लाख डॉलरहून अधिक रक्कम जमली. यंत्राचा आवाज चांगला होता. पण त्याच्या गाण्यांचं दुकान २०१६ मध्ये बंद पडलं आणि पुढच्या वर्षी यंग यांनी प्रकल्प थांबल्याचं सांगितलं. ज्यांनी फ्लॅक फाईली आपल्याकडे उतरवून ठेवल्या होत्या त्यांचं गाणं कुठेच गेलं नाही. म्हणून मेमरी कार्डाची खाच नसलेला प्लेअर कितीही देखणा असला तरी घेऊ नये. सीडीच्या मापाचं एक तासाचं संगीत फ्लॅकमध्ये साधारण ३०० ते ४०० एमबी घेतं, तेव्हा २५६ जीबीच्या कार्डात सहाशे-सातशे तास सहज मावतात. कार्ड ओळखीच्या दुकानातून घ्या, बनावट कार्डांचा सुळसुळाट आहे. सगळ्या फाईलींची दुसरी प्रत घरच्या हार्ड डिस्कवर ठेवा. प्लेअरची बॅटरी चार-सहा वर्षांत दमते आणि ती बदलून मिळेलच असं नाही, संग्रह मात्र पुढच्या यंत्रावर न्यायचा असतो.

पुढच्या आठवड्यात इअरफोन. तोवर नवीन प्लेअर घेतलाच असेल, तर आवाज अर्ध्याच्या खाली ठेवून दोन-तीन दिवस ऐका आणि मग बदलून घेण्याची मुदत संपायच्या आत ठरवा.