चासीचा कर्ण

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरावर लिहायचं तर ऑइल इंजिनांपासून आणि फाउंड्र्यांपासून सुरुवात करावी लागते, आणि संपादकांना तेच हवं होतं. तो इतिहास मोठा आहे आणि तो सांगणारेही पुष्कळ आहेत. मला मात्र एका शेडमध्ये कोब्यावर खडूनं ओढलेल्या रेघा दिसल्या आणि मी तिथंच थांबले.

रेघा एका ट्रकच्या होत्या, पूर्ण मापाच्या. मधोमध लांब ओळ, तिला काटकोनात छेदणाऱ्या दोन एक्सलच्या रेघा, चाकांच्या जागी चौकोन. ट्रक अजून जन्माला यायचा होता. त्याचे एक्सल तेवढे भिंतीशी पडून होते, लष्कराच्या मोडीत निघालेल्या एका जोंगाचे. जोंगा म्हणजे निस्सानच्या परवान्यावर जबलपूरला तयार होणारी लष्करी गाडी. १९९९च्या सुमारास तिचं उत्पादन थांबलं, पण चिखलात गाडी घालणारी मंडळी तिचे दणकट एक्सल अजून शोधत फिरतात. एका हौशी शेतकऱ्याला या एक्सलवर डोंगरवाटेच्या स्पर्धेसाठी छोटा ट्रक बांधून हवा होता. इंजिन वेगळं, लांबी वेगळी, जुनी चासी गंजून पापुद्रे सुटलेली. तेव्हा चासी नवीच करायची ठरली.

ती करणारे गृहस्थ साठीला टेकलेले. मालकापासून पोऱ्यापर्यंत सगळे त्यांना मामा म्हणतात.

"आधी गाडी जमिनीवर उभी ऱ्हायली पाहिजे ताई," ते म्हणाले, "मग लोखंडाला हात."

चासीचं काम वजन पेलणं, एवढंच मला ठाऊक होतं. वजन पेलणं हा त्यातला सोपा भाग आहे. एक चाक दगडावर चढतं, त्याच्या तिरक्या कोपऱ्यातलं दुसरंही वर उचललं जातं, उरलेली दोन खड्ड्यात उतरतात आणि चासी पिळली जाते. या पिळाचं काय करायचं, हा खरा प्रश्न. कारखान्यातले मालवाहू ट्रक सी आकाराच्या उघड्या चॅनेलवर उभे असतात आणि आडव्या तुळया बहुधा रिबिटांनी किंवा बोल्टांनी जोडलेल्या असतात. अशी चासी थोडी पिळते आणि परत जागेवर येते. चौकोनी बंद पाइपचं वागणं अगदी निराळं. १०० बाय ५० मिलिमीटरचा, ४ मिलिमीटर जाडीचा पाइप घ्या आणि त्याला फक्त लांबीनं एक चीर द्या. वजन तेवढंच राहील, पण पिळाला विरोध करण्याची ताकद दीडशेव्या हिश्शाच्याही खाली येईल. एका चिरेनं एवढा फरक पडतो, हे गणित कागदावर मांडल्यावरही मला पुन्हा तपासून पाहावंसं वाटलं.

जगातल्या नामांकित गाड्यांनीही या प्रश्नाची दोन उलटी उत्तरं दिली आहेत. हान्स लेडविंका यांनी १९२३च्या टाट्रा ११ला मधोमध एकच जाड नळी दिली. तिच्या पोटातून फिरता दांडा जातो आणि तिच्या दोन्ही अंगांना अर्धे एक्सल स्वतंत्र हलतात. नळी पिळत नाही. टाट्राचे अवजड ट्रक आजही याच तत्त्वावर बनतात आणि आपल्या लष्करातही ते आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत आल्बर्ट फ्रीडरिश यांनी घडवलेल्या युनिमॉगनं उलट वाट धरली. तिची चासी मुद्दाम लवचीक ठेवलेली असते आणि मागचा हौद त्या पिळानं फाटू नये म्हणून त्याला हलती टेकणं देतात.

मामांनी या दोघांच्या मधली वाट काढली आहे. लांब बाजू बंद पाइपच्या, आडव्या तुळया गोल नळीच्या, आणि हौद तीनच ठिकाणी टेकलेला.

"चौथं टेकण दिलं की हौद चासीशी भांडतोय," ते म्हणाले.

मी सर्वांत जास्त वेळ पाहत बसले ती त्यांची मोजणी. ओळंबा सोडून चासीचा प्रत्येक बिंदू जमिनीवर उतरवायचा आणि मग टेपनं दोन्ही कर्ण मोजायचे. समोरासमोरच्या बाजू सारख्या असून कर्णही सारखे आले, म्हणजे कोन बरोबर. तरी ती सपाट आहे, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी पाण्याची लेव्हल नळी लावून चारही कोपरे तपासायचे. फरक एक सूत आला, म्हणजे इंचाचा आठवा भाग, की मामा टॅक, म्हणजे वेल्डिंगचे तात्पुरते ठिपके, तोडायला लावतात. अर्धं सूत आलं तरी मान हलवतात.

इतकं जपायचं कारण वेल्डिंग. वितळलेला धातू थंड होताना आकसतो आणि शेजारच्या लोखंडाला आपल्याकडे ओढतो. एका बाजूनं सलग वेल्डिंग मारत गेलं तर सरळ चासी संध्याकाळपर्यंत केळ्यासारखी होते. म्हणून आधी सगळीकडे नुसते टॅक. मग एका कोपऱ्यात दोन इंच, लगेच तिरक्या कोपऱ्यात दोन इंच, मग हात लावण्याइतकं निवेपर्यंत थांबायचं आणि कर्ण पुन्हा मोजायचे. सीओटू मशीन चालू असताना शेडमधला पंखा बंद, वाऱ्याच्या अंगाचं शटर खाली; गॅसचं आवरण उडालं तर सांध्यात छिद्रं राहतात. पाइपचा सांधा कधी सरळ आडवा कापत नाहीत. तो तिरका कापतात आणि वरून बसवायच्या पट्टीची टोकं निमुळती करतात, म्हणजे सगळा ताण एका रेघेवर येत नाही.

एक्सलच्या वर बाजूंना कमान दिली होती. ती पुरेशी आहे का, हे पाहण्यासाठी मामांनी पाटे न बसवताच जॅकनं एक्सलचं एक टोक वर नेलं, दुसरं खाली सोडलं, चाक कुठं घासतं ते बोटानं चाचपलं आणि खडूनं खूण केली. त्या खुणेपाशी बाजू पुन्हा कापली जाणार होती. झालेलं काम पुन्हा कापण्याचा त्यांना जराही त्रास होत नाही. एवढ्या शांतपणे स्वतःचं काम मोडणारा कारागीर मी दुसरा पाहिलेला नाही.

या चासीला नंबर कुठला, असं मी विचारलं आणि शेडमधलं बोलणं थांबलं.

गाडीची कायदेशीर ओळख चासीवर ठोकलेल्या नंबरात असते. मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम सांगतं की नोंदणीपत्रातला तपशील उत्पादकानं मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तेच ठामपणे मांडलं आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही ठेवले. जुन्या चासीवरचा नंबराचा तुकडा कापून नव्यावर लावून द्या, असं म्हणणारी गिऱ्हाइकं येतात. मामा त्यांना दारातूनच परत पाठवतात. चोरीच्या गाड्या अशाच खपतात, हे त्यांना पक्कं माहीत आहे, आणि कायदा कडक का आहे हेही.

तरीही मला हे खुपतं. ब्रिटनमध्ये २०२५पर्यंत अशा गाडीला गुण देत: मूळ किंवा उत्पादकाकडून आलेल्या नव्या चासीला पाच, सस्पेन्शन, एक्सल, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंग यांना प्रत्येकी दोन, इंजिनाला एक. आठ गुण भरले तर जुना नंबर राही. चासीतच फेरफार केलेला असेल तर त्या एकट्या गाडीची तपासणी होई आणि उत्तीर्ण झाली की तिला वेगळ्या मालिकेतला नंबर मिळे. आपल्याकडे पुण्याला एआरएआयसारखी संस्था १९६६पासून आहे. नमुना गाडी तपासण्याची तिथली वाट मात्र शेकडो गाड्या विकणाऱ्या उत्पादकासाठी आखलेली आहे. मामांच्या एका चासीसाठी ती परवडणारी नाही. वाईट वेल्डिंग रस्त्यावर येऊ नये, हा हेतू मला पूर्ण मान्य आहे. पण चांगलं वेल्डिंग दाखवायलाही कुठं जागा नसली, तर अर्ध्या सुताची काळजी करणारा आणि नंबर कापून चिकटवणारा, दोघे एकाच रांगेत उभे राहतात. त्यातला दुसराच जास्त कमावतो.

त्या शेतकऱ्यानं गाडी रस्त्यावर आणायचीच नाही असं ठरवलं आहे. गोव्यात २०१४पासून ऐन पावसात रेनफॉरेस्ट चॅलेंज ही स्पर्धा भरते. तिथं किंवा स्वतःच्या शेतात ती चालेल, आणि नेताना दुसऱ्या ट्रकवर चढवून न्यावी लागेल. मी निघाले तेव्हा तो घाट उतरून जाण्याचं भाडं ठरवत होता आणि मामा त्याला आधी त्या ट्रकच्या फाळक्यांमधली रुंदी मोजून आणायला सांगत होते.